एकास पन्नास

आमच्या संग्रहातील लीबहेरची ‘एलटीएम ११२००-९.१’ ही क्रेन म्हणजे १:५० प्रमाणातील ओतीव धातूची प्रतिकृती. मूळ यंत्राची भुजा १०० मीटर. त्या हिशेबाने आमची २ मीटर, मेजावर उभारावी तर पंख्याशी गाठ! खरी अडचण दोऱ्याची. लांबी ५० पटींनी घटली की वजन १,२५,००० पटींनी घटते. इतक्या हलक्या हुकाने दोरा ताणला जात नाही, कुरळाच राहतो. अखेर आम्ही मासेमारीचा विणलेला दोरा ओवला आणि हुकात शिसे दडवले. खरे दिसावे म्हणून प्रमाणाशी केलेली लबाडीच ती. मग भीड चेपली; पिवळ्या रंगावर गंजही रंगवला. तो आता निघत नाही. परवा एक जुने संग्राहक आले, मूळ रंगासाठी हळहळले आणि नंतर कितीतरी वेळ तो ताठ दोरा न्याहाळत बसले.