खंडोबाच्या गावात खंड्याचा मुक्काम

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांनी जेजुरी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नसेल, त्यांच्याही देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक बहुधा असेलच. उद्या पूजेच्या वेळी तो जरा हातात घेऊन न्याहाळा. घोड्यावर बसलेला देव, हाती खड्ग, जवळ म्हाळसाबाई, आणि पुष्कळ टाकांवर घोड्याच्या पायाशी एक कुत्रा. देवाने त्याला बरोबर घेतले आहे, पण त्याची जागा ठरवून दिली आहे.

ही गोष्ट आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या माघात जेजुरीला आमच्यावर आलेला प्रसंग. मुक्कामाच्या लॉजमध्ये कुत्र्याला खोलीत घ्यावे की घेऊ नये, हा तो प्रश्न. तुम्ही म्हणाल, हे तर शहरातल्या हौशी लोकांचे दुखणे. मलाही तसेच वाटत होते. पण आता शेतकऱ्याच्या दारीही पिकअप आल्या आहेत, आपणही घरदार घेऊन देवाला जातो. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही दारात येऊन बसणार आहे.

आधी आमच्या खंड्याची ओळख करून देतो. जातीचा म्हणाल तर कसलाच नाही. साधा, गावठी, तांबड्या रंगाचा. दहा-अकरा वर्षांपूर्वी आमचा थोरला रात्री पाणी धरायला मळ्यात गेला होता. पहाटे थकून तो बांधावर घोंगडी टाकून पडला. खंड्याने असा काही गिल्ला केला, घोंगडी दातांत धरून अशी ओढली, की पोरगा चिडून उठला. बॅटरी मारून पाहतो तो घोंगडीपासून हातभर अंतरावर घोणस. घरी आल्यावर आमच्या आईने हळदीचा हात देव्हाऱ्याला लावला आणि म्हणाली, "खंडेराया, पोराचं लगीन झालं की जोडा तुझ्या पायाशी आणीन, आन् ह्या मुक्या जीवालाबी आणीन."

या मार्गशीर्षात लग्न झाले. माघ पौर्णिमेच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. आई, आम्ही दोघे, नवे जोडपे आणि मागे पोत्यावर खंड्या. आता तो म्हातारा झाला आहे. मागचे पाय धरतात, डोळ्यांत सारा पडला आहे.

आम्ही फलटणकडचे. लोणंद, नीरा, वाल्हे आणि मग जेजुरी अशी आमची वाट. माउलींची पालखी ज्या वाटेने पंढरपूरला जाते, त्याच वाटेने आम्ही उलटे जात होतो. पुण्याहून येणाऱ्याला हडपसर, दिवे घाट, सासवड असे सुमारे ५० किलोमीटर पडतात. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर जेजुरीचे स्टेशनही आहे. गावाजवळ आलो की आधी डोंगर दिसतो. उंचावरचे कडेपठार हे देवाचे जुने ठाणे. अलीकडे खालच्या टेकडीवर आहे तो गडकोट. होळकरांनी अठराव्या शतकात इथे दगडी काम करून घेतले. पायऱ्यांच्या दुतर्फा दीपमाळा, कमानी, आणि वरपासून खालपर्यंत भंडाऱ्याने पिवळी झालेली वाट. दसऱ्याला इथे सुमारे ४२ किलोचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची चढाओढ लागते. सोमवती अमावस्येला देव पालखीतून कऱ्हेवर स्नानाला जातो.

आणि या साऱ्यात कुत्र्याला मान आहे. धनगर बांधवांचे हे लाडके दैवत, आणि मेंढरांच्या वाड्याची रात्र कुत्र्याशिवाय सरत नाही. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. जुन्या चालीचे वाघ्ये भुंकण्याचा आवाज काढून कोटंब्यातला नैवेद्य खात. कर्नाटकात मैलारलाही हीच रीत आढळते. तेव्हा अशा गावात आमच्या खंड्याला कोण अडवणार, असा माझा समज होता.

लॉजमध्ये दोन खोल्या फोनवरून सांगून ठेवल्या होत्या. कुत्रा आहे, हे मात्र मी सांगितले नव्हते. तो माझा पहिला गुन्हा. काउंटरवरच्या पोराने खंड्याकडे पाहिले आणि तो उभाच राहिला.

"काका, कुत्रं चालत नाही."

मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. "आरं लेकरा, देवाच्या पायाशी कुत्रं चालतं आन् तुझ्या खोलीत चालत न्हाई व्हय?"

पोरगा उद्धट नव्हता. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाला, "आजी, देवाच्या गाद्या मला धुवाव्या लागत नाहीत." दिवाळीत एक कुटुंब कुत्रे घेऊन आले होते. त्यांनी ते खोलीत कोंडले आणि गडावर गेले. जनावर घाबरले, दाराला नख्या मारल्या, गादीवर घाण केली. ते लोक निघून गेले, पण भिंतीच्या फटींत गोचीड राहिले. महिनाभर ती खोली कोणाला देता आली नाही.

एवढे ऐकूनही माझा राग काही जात नव्हता. तेवढ्यात मागून रडण्याचा आवाज आला. सात-आठ वर्षांची एक मुलगी आपल्या आईच्या पदरामागे लपून थरथरत होती. खंड्या तर बिचारा जमिनीवर हनुवटी टेकून पडलेला. त्या बाईंनी पोरीच्या पोटरीवरचा व्रण दाखवला. वर्षापूर्वी कुत्रा चावला होता, इंजेक्शनांसाठी तालुक्याला किती खेपा झाल्या ते त्यांनी सांगितले. "तुमचं गरीब असंल हो, पण हिला कसं कळावं?" आमच्या आईने खंड्याकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, आणि गप्प बसली. मग मला म्हणाली, "ह्याला घेऊन तू गाडीत झोप."

वाचकहो, माघातली थंडी तुम्हाला माहीत आहे. लॉजच्या मागल्या पटांगणात पिकअपच्या हौद्यात मी आणि खंड्या एकाच घोंगडीत पडलो. मनात म्हणत होतो, याच्यामुळे माझा पोरगा जिवंत आहे आणि याला चार भिंती मिळू नयेत! रात्री अकराच्या सुमाराला शेजारी कोणाचे तरी जागरण सुरू झाले. दिमडी वाजली, घोळ खणखणला, आणि खंड्याने कान टवकारले. पुढचे दोन तास त्याने जो सूर लावला, तो काही केल्या थांबेना. मी त्याला गोंजारले, दटावले, भाकरी दिली. वरची एक खिडकी उघडली. "अहो, लहान मूल झोपलंय इथं!" ती उघडली, म्हणून दुसरीही उघडली. मी हात जोडले. हाच खंड्या खोलीत असता, तर भिंतीपलीकडच्यांनी काय केले असते, याचा विचार तेव्हा प्रथम माझ्या डोक्यात शिरला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून विचार करायला वेळ मिळाला. आपल्या घरी कुत्रे कुठे असते? माजघरात नाही आणि रस्त्यावरही नाही. ते ओसरीवर असते, उंबऱ्याच्या अलीकडे. तिथून त्याला घर दिसते आणि घराला ते दिसते. वाडे बांधणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. लॉज बांधणाऱ्यांनी खोल्या बांधल्या, ओसरी मात्र बांधली नाही. म्हणून आता दोनच उत्तरे उरली आहेत : आत किंवा बाहेर.

रेल्वेने पाहा कशी तोड काढली आहे. पहिल्या वर्गाचा दोघांचा कूपे किंवा चौघांचा डबा सगळाच्या सगळा आपल्या नावे घेतला, तर कुत्रा आपल्याबरोबर नेता येतो. नाहीतर रीतसर पैसे भरून त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवावे लागते. स्लीपरमध्ये आणि दुसऱ्या वर्गात त्याला मज्जाव आहे. म्हणजे रेल्वेने कुत्र्याला नाही म्हटले नाही आणि परक्याच्या शेजारीही बसवले नाही. लॉजवाल्यांना हे का जमू नये? तळमजल्यावर, मागच्या अंगाला, थेट पटांगणात दार उघडणाऱ्या एक-दोन खोल्या राखून ठेवाव्यात. फरशी उघडी असावी, सतरंज्या-पडदे कमी. खोली धुण्याचे पैसे आधीच जास्त घ्यावेत, नुकसानीसाठी अनामत घ्यावी. आणि दारावर पाटी लावावी, म्हणजे ज्याला भीती वाटते किंवा ज्याला दमा आहे, तो दुसरीकडची खोली मागेल. ज्याला हे जमत नाही, त्याने स्पष्ट नाही म्हणावे. तो त्याचा हक्क आहे, त्यात जनावराचा अपमान नाही.

पण खरे काम आपले आहे, कुत्रेवाल्यांचे. फोनवर खोली मागतानाच कुत्र्याचे सांगावे. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी, हे चुकवू नये, आणि लशीचे कार्ड बरोबर ठेवावे. निघण्यापूर्वी गोचीड-पिसवांचे औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून करावे. साखळी, त्याचे स्वतःचे पोते आणि भांडे न्यावे. केलेली घाण आपल्या हाताने काढावी. आणि अनोळखी खोलीत त्याला एकटे कोंडून कधीही जाऊ नये.

रेबीजचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. कुत्र्याने चावा घेतला, मग ते आपले असो की परके, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद असले काही भरू नये. तसेच सरकारी दवाखाना गाठावा आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना लशीच्या सगळ्या मात्रा घ्याव्यात. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्यामुळे होणारा हा रोग २०३० पर्यंत देशातून घालवायचा, असे सरकारने २०२१ मध्ये ठरवले आहे. ते आपल्या दारातल्या लशीशिवाय होणार नाही. त्या पोरीचे रडणे काही लाडाचे नव्हते.

सकाळी आम्ही गडाच्या पायथ्याशी गेलो. नव्या नवरदेवाने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, ही तिथली रीत. आमच्या पोराने सून उचलली, लोकांनी "येळकोट येळकोट" केले, सून लाजली. मग तो परत खाली आला. खंड्या पहिल्याच पायरीपाशी बसून होता, मागचे पाय उचलत नव्हते. पोराने काही न बोलता त्यालाही उचलले आणि पाच पायऱ्या वर नेऊन ठेवले. आईने तिथेच त्याच्या कपाळी भंडारा लावला आणि म्हणाली, "इथून दिसतो देव. ह्याचं दर्शन झालं." मी त्याच्याजवळ पायरीवर बसलो, बाकीचे वर गेले. लॉजमधली ती मुलगीही आपल्या माणसांबरोबर चढत होती. आम्हाला पाहून ती पायरीच्या दुसऱ्या कडेने गेली. मी साखळी आखडून धरली. पुढे गेल्यावर तिने एकदा वळून पाहिले, एवढेच.

आता शेवटचे सांगतो. आषाढात पालखी आमच्या बाजूला आली. दरसाल एक दिंडी आमच्या घरी उतरते. यंदा त्यांच्यामागे आळंदीपासून चालत आलेला एक काळा कुत्रा होता. कोणाचाच नाही, आणि सगळ्यांचा. म्हणजे आता लॉजवाला मी झालो होतो! मी दिंडीतल्या मंडळींना विचारले, "कुत्र्याचं भय कोणाला आहे का?" दोन म्हाताऱ्या बायांनी हात वर केला. त्यांना मी माजघरात जागा दिली आणि मधले दार लावून घेतले. खंड्याला गोठ्यात बांधले, म्हणजे भांडण नको. आणि त्या वारकरी कुत्र्यासाठी ओसरीच्या कोपऱ्यात पोते अंथरले.

रात्री पाऊस लागला. पहाटे उठून पाहतो, तर पोत्यावर तो कुत्रा आणि शेजारी डोक्याखाली गाठोडे घेतलेले एक वारकरी बुवा गाढ झोपले होते. त्यांना मी आतली जागा दिली होती. पण त्यांचे त्यांनी ठरवले होते.