कोलनवॉटर आणि काचेचा धागा

आमच्या सांगलीच्या घरी कोणाला सणकून ताप आला की आई कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायची. तीच बाटली बाबा हळूच पळवायचे आणि कापसाचा बोळा बुडवून टेपरेकॉर्डरचं हेड पुसायचे. गाणं खणखणीत वाजायचं आणि वर खोलीभर सुवास! त्यामुळे नोकरीसाठी कोलोनला आल्यावर पहिल्याच रविवारी कॅथेड्रल बघून झालं, की मी ग्लोकनगासे गल्लीतलं ४७११ चं दुकान शोधत गेलो. (फारिनांची पेढी त्याहून जुनी, १७०९ ची. तीही याच गावातली.)

माझं काम ऑप्टिकल फायबरचं. लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये प्रकाश ज्यातून जातो तो काचेचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे बघा. रुजू होऊन तीनेक आठवडे झाले असतील, एका गिऱ्हाईकाची लाइन सारखी ये-जा करत होती. रात्रीचे अकरा वाजलेले. मी कनेक्टर काढला, जोरात फुंकर मारली, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत खोचला. लहानपणी व्हिडिओ गेमच्या कॅसेटला करायचो तसंच. जी काही लाइन होती तीही गेली!

रिपोर्टात मी ठोकून दिलं, 'कनेक्टर आधीपासूनच खराब होता.'

रिपोर्टवर दोघांच्या सह्या लागत. दुसऱ्या दिवशी माझ्या वयस्कर जर्मन सहकाऱ्याने सही करण्याआधी तो कनेक्टर मायक्रोस्कोपला लावला आणि मला स्क्रीनसमोर बसवलं. (फायबरमध्ये नुसत्या डोळ्याने कधीही डोकावू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळा अधू करू शकतो.) स्क्रीनवर वाळलेल्या थुंकीची वर्तुळं, शर्टाचे तंतू, आणि बरोबर मध्यावर एक खड्डा. धुळीचा कण दोन काचांच्या मध्ये मीच दाबला होता. पलीकडच्या मॉड्यूललाही तस्साच खड्डा पडला होता. थुंकी पुसता येते, खड्डा नाही. केबल बदलली तर थोडक्यात भागतं, मॉड्यूल महाग.

कोलोनकरांची एक लाडकी म्हण आहे, 'एट हेट नॉख इमर योट येयांगे', म्हणजे आजवर सगळं नीटच पार पडलंय. तो म्हणाला, "हे बिअर पिताना म्हणायचं, इथे नाही." बस, एवढंच. पेन हातात, पण सही करेना. मी तो कागद फाडला आणि नवीन लिहिला. कोणी पगार कापला नाही, पण महिनाभर कान गरम होते.

मग त्याने रीत शिकवली. आधी बघायचं, मग साफ करायचं, पुन्हा बघायचं, आणि मगच जोडायचं. दोन्ही बाजू. पेनासारखा कोरडा क्लीनर मिळतो, आधी तो वापरायचा. तेलकट डाग हटला नाही तर तंतू न सुटणारा कागद ९९% आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओला करून पुसायचं आणि लगेच कोरड्या भागावर पुसून घ्यायचं. अन् टोपण लावलंय म्हणजे कनेक्टर स्वच्छ, असं समजायचं नाही. टोपणातच धूळ असते!

"मग ४७११ का नको?" मी विचारलंच. तो खो खो हसला. अल्कोहोल उडून जातं, लिंबा-संत्र्याची तेलं मागे राहतात. वास येतोय म्हणजे काहीतरी शिल्लक आहे.

परवा बाबांचा फोन. इन्व्हर्टरच्या बोर्डावर धूळ आणि मुंग्या, काय करू? म्हटलं, मेन बंद करा, बॅटरीच्या तारा सोडवा, आणि तरीही लगेच हात घालू नका, कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. ती उतरवायला माणूस बोलवा. मग मऊ ब्रश आणि तेच ९९% वालं. औषधाच्या दुकानातलं ७०% वालं नको, त्यात पाणी असतं. खिडक्या उघड्या, जवळ गॅस पेटलेला नको, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही.

"म्हणजे कोलनवॉटर आणू नकोस म्हणतोस?" बाबा जरा हिरमुसले.

मागून आईचा आवाज आला, "आण रे तू. ते माझं आहे."