ट्रॅक्टर, एक्सेल आणि वहिनीचा पाय

मला कुठलीही गोष्ट घ्यायची म्हटली की आधी तक्ता करायची खोड आहे. मोबाइल असो, मिक्सर असो, नाहीतर पुण्यातला फ्लॅट असो. डावीकडे नावं, वर गुण, मध्ये आकडे. बायको म्हणते, बरं झालं आपलं लग्न घरच्यांनी ठरवलं, नाहीतर मीही एखाद्या रकान्यात असते. असो.

तर २०२५च्या उन्हाळ्यात गावाकडून दादाचा फोन आला, "छोटा ट्रॅक्टर घ्यायचा विचार आहे, जरा बघून सांग." मला काय, आनंदच झाला. त्याच रात्री तक्ता उघडला.

आमची निफाड तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. ट्रॅक्टर हवा तो मुख्यतः फवारणीसाठी. मागे ब्लोअर जोडायचा आणि दोन ओळींमधून जायचं. द्राक्षबागायतदाराला फवारणी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. एका हंगामात आमच्या वहीत साठाच्या वर फवारण्यांची नोंद असते. इतकी वर्षं आम्ही भाड्याचा ब्लोअर बोलवत होतो. नाना, म्हणजे आमचे वडील, अजूनही त्याच मताचे. "अडीच एकराला ट्रॅक्टर कशाला रे? हत्ती पोसायचा का दारात?"

आणि खरं सांगू? हिशेबात नानाच बरोबर होते. रोटर, खत वाहतूक सगळं धरूनही आमच्याकडं ट्रॅक्टर वर्षाला जेमतेम दीडशे तास चालणार. कर्जाचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग मांडलं की भाडं स्वस्त पडतं. पण त्या हिशेबात २०१९चा ऑक्टोबर नव्हता. त्या वर्षी गोडी छाटणी झाली, कोवळी फूट निघाली, घड दिसायला लागले, आणि महिनाअखेरीस पावसानं मुक्कामच ठोकला. अशा वेळी डावणी एका रात्रीत घडावर बसते. पाऊस उघडला की काही तासांत औषध पडायला हवं. पण आपल्याला हवं त्या तासाला सगळ्या गावालाच ब्लोअर हवा असतो! आमचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला. तोवर दादानं पाठीच्या त्रासातही पाइप ओढत गननं फवारलं, पण निम्मी बाग गेली ती गेलीच. त्यानंतर नवं कर्ज काढायची ताकद यायला सहा वर्षं लागली.

या ट्रॅक्टरांच्या जातीबद्दल दोन शब्द सांगतो. अमेरिकेत अगदी लहान ट्रॅक्टरांना सबकॉम्पॅक्ट म्हणतात. तिकडं लोक त्यांनी घरामागचं गवत कापतात आणि हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलतात. आपल्याकडं असल्या यंत्रांना सरसकट मिनी किंवा छोटा ट्रॅक्टर म्हणतात, आणि त्यांच्यावर घर चालतं. माझ्या तक्त्यात महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ होते, दोन्ही १५ एचपीचे, एका सिलिंडरचे. (स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्राकडं गेली, त्यामुळं ही भावकीतलीच तुलना.) मित्सुबिशीच्या सहकार्यानं उभ्या राहिलेल्या बंगळूरच्या व्हीएसटीचा साडेअठरा एचपीचा होता. कुबोटाचे निओस्टार होते, २१ आणि २४ एचपीचे, तीन सिलिंडरचे. महिंद्राचाच २४ एचपीचा जिवो होता. आणि २०२३च्या १५ ऑगस्टला केपटाऊनमध्ये गाजावाजा करून आणलेला ओजाही होता.

मी मन लावून अभ्यास केला. इंजिनाची एचपी वेगळी आणि मागच्या पीटीओ शाफ्टवर मिळणारी एचपी वेगळी. ब्लोअरचा पंखा पीटीओवर फिरतो, म्हणजे बघायचा तो दुसरा आकडा. एका सिलिंडरचं इंजिन स्वस्त, सुटसुटीत, गावातला मिस्त्रीही खोलू शकतो, पण धडधडतं जास्त. तीन सिलिंडरचं मऊ चालतं. काळ्या मातीत पावसानंतर नुसती मागची चाकं जागेवर फिरतात, तिथं फोर व्हील लागतं. लिफ्ट किती किलो उचलते, गिअर किती, टाकी किती लिटरची... एकूण १७ रकाने झाले. प्रत्येकाला गुण दिले, बेरीज केली, पहिला नंबर काढला आणि गावी गेलो.

एका शोरूममध्ये आम्ही चौघं गेलो. नाना, दादा, मी आणि वहिनी. वहिनीला दादानंच बरोबर घेतलं होतं. मला वाटलं, येताना बाजार करायचा असेल. विक्रेता पोरगा हुशार होता. माझ्या हातात कागद बघून माझ्याशीच बोलायला लागला. नानांना चहा दिला. वहिनीला कोपऱ्यातली खुर्ची दाखवली, "ताई, बसा तुम्ही तिकडं पंख्याखाली."

बोलता बोलता त्यानं सहज विचारलं, "चालवणार कोण? ड्रायव्हर आहे का?"

आम्ही गप्प. दादाच्या मणक्यात गॅप निघालाय. डॉक्टरनं वर्षापूर्वीच सांगितलं होतं, ट्रॅक्टरवर बसायचं नाही. नाना पंचाहत्तरीचे. मी पुण्यात. तेव्हा लक्षात आलं, १७ रकान्यांत मी हा प्रश्नच विचारला नव्हता. मी मनात कुठंतरी गृहीत धरलं होतं की ट्रॅक्टर आला की चालवणारा येतो. कुठून येतो? द्राक्षाच्या हंगामात पहाटे साडेचारला येणारा ड्रायव्हर मिळणं ब्लोअर मिळण्याइतकंच कठीण आहे.

"मी चालवणार," वहिनी म्हणाली. खुर्चीतूनच.

पोरगा हसला. वाईट हेतूनं नाही, पण हसला. नानांनी चहाच्या कपात बघितलं. दादा मात्र शांत होता. नंतर कळलं, या दोघांचं आधीच ठरलं होतं, फक्त नानांसमोर बोलायचं धाडस होत नव्हतं. वहिनी स्कूटीवरून रोज पोरीला शाळेत सोडते, बागेत मजुरांची हजेरी घेते, औषधाचं माप तीच करते. दादाची पाठ गेल्यापासून बाग खऱ्या अर्थानं तीच बघते. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी तसं म्हणत नव्हतं.

ती उठली आणि माझ्या पहिल्या नंबरच्या ट्रॅक्टरवर चढून बसली. पाय क्लचवर ठेवला. क्लच निम्मा दबला, पुढं जाईना. वहिनी पाच फुटांची. पूर्ण दाबायला तिला सीटच्या कडेवर सरकून, स्टिअरिंगला लटकून जोर लावायला लागला.

"सवय होते ताई," पोरगा म्हणाला.

ती खाली उतरली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या त्या कागदात माझा पाय कुठाय?"

मला काही उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मग तिनं पिशवीतून नाडा काढला. पांढरा, गाठी मारलेला. आदल्या संध्याकाळी ती बागेत जाऊन मापं घेऊन आली होती. आमच्या दोन ओळींतलं अंतर कागदावर नऊ फूट. पण वायचे अँगल दोन्ही बाजूंनी आत येतात, त्यावर फूट येते, घड लोंबतात. खरी मोकळी वाट उरते साडेचार फुटांची. ती पहिली गाठ. दुसरी गाठ लोंबणाऱ्या घडाच्या उंचीची. तिसरी, ओळीच्या टोकाला जमिनीत गाडलेल्या ताणाच्या तारेपासून बांधापर्यंतची. ब्लोअर मागं असताना वळायचं ते तेवढ्यात.

नाडा धरून ती एकेका ट्रॅक्टरभोवती फिरली. "याचा सायलेन्सर वर आहे, घड करपतील. खाली असलेला आहे का?" "सीट पुढं सरकते का?" "पीटीओला कव्हर आहे का पूर्ण?" हा शेवटचा प्रश्न ऐकून मी चमकलो. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पदराचं टोक, ओढणी, शर्टाची सुटलेली बाही त्यात गेली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. मी पीटीओचा आकडा पाठ केला होता, पण तो फिरताना कुणाच्या साडीशेजारी फिरणार आहे हे मनात आलं नव्हतं. आमच्या भागात बायका बागेत साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. वहिनीनं तिथंच ठरवून टाकलं, ट्रॅक्टरवर सलवार-कमीज, ओढणी नाही.

रोल बारचाही विषय निघाला. ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी ती लोखंडी कमान. अरुंद ट्रॅक्टर बांधावर चटकन कलंडतो, आणि आमच्या बागेला एका बाजूनं शेततळ्याचा भराव आहे. पण कमान उभी ठेवली तर वेलीत अडकते. म्हणजे घडी होणारी हवी: बागेत आडवी आणि बाहेर भरावाजवळ न विसरता उभी. पट्टाही फक्त कमान उभी असतानाच बांधायचा. आडव्या कमानीत पट्टा बांधला तर माणूस ट्रॅक्टरखालीच अडकतो.

पुढचे दीड महिने आम्ही परत फिरलो. तीन शोरूम झाले. दोन कंपन्यांनी ट्रॅक्टर बागेत आणून दाखवला. वहिनीनं शेजारच्यांच्या ट्रॅक्टरवर मोकळ्या रानात शिकून घेतलं, लायसन काढलं. तक्ता मी नव्यानं केला. जुन्यातले ११ रकाने उडाले. टाकी किती लिटरची हे कुणाला हवंय? नवे आले: सीट किती इंच पुढं येते, क्लच बसल्या बसल्या पूर्ण दबतो का, चढा-उतरायला पाय ठेवायची जागा कुठं, रात्री बंद पडला तर मिस्त्री किती लांब. दादाची एक अट होती, एका सिलिंडरचा नको. "माझी पाठ गेली, तिची जायला नको." एवढंच म्हणाला.

अनुदानाचा अर्ज भरताना शेवटचा पेच आला. यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत अनुदान, वर कमाल मर्यादा आहेच. पण अर्ज महिलेचा हवा तर सातबाऱ्यावर तिचं नाव हवं. पंधरा वर्षं ती बागेत राबतेय, उताऱ्यावर कुठंच नाही. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय महाराष्ट्रात १९९२ पासून आहे, लक्ष्मी मुक्ती नावानं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्याआधी त्यासाठी मोहीम चालवली होती. नानांनी त्यांच्या सभा ऐकलेल्या, बिल्लासुद्धा जपून ठेवलेला. घरात मात्र तीस वर्षांत विषय निघाला नव्हता. दादानं अर्ज लिहिला आणि नानांपुढं ठेवला. नानांनी दोनदा वाचला. म्हणाले, "तलाठ्याकडं मी येतो बरोबर." अनुदान मिळेल तेव्हा मिळेल, आम्ही त्यासाठी थांबलो नाही. नाव मात्र लागलं.

२२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यासाठी आम्ही थोडं थांबलो होतो. २ ऑक्टोबरला, दसऱ्याला, ट्रॅक्टर दारात आला. आईनं ओवाळलं. नानांनी नारळ फोडला आणि किल्ली वहिनीच्या हातात दिली. कुणी काही बोललं नाही.

कुठला घेतला ते मुद्दाम लिहीत नाही. तुमची ओळ आठ फुटांची असेल, तुमची माती मुरमाड असेल, तुमच्याकडं चालवणारा सहा फुटांचा असेल. आमचं उत्तर तुम्हाला लागू पडणार नाही. एवढंच सांगतो, माझ्या पहिल्या तक्त्यात तो चौथ्या नंबरवर होता.

त्या ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्याकडं पुन्हा पाऊस आला. मी पुण्यात, झोप नाही. पहाटे पाचला दादाला फोन लावला. मागून इंजिनाचा आवाज येत होता.

"उघडला का रे पाऊस?"

"साडेचारलाच. दुसरी ओळ चालू आहे तिची." मग जरा थांबून म्हणाला, "मी बांधावर उभा आहे बॅटरी घेऊन. मला म्हणते, उगाच मध्ये येऊ नका."

मी फोन ठेवला आणि झोपलो.