हापशाची बंदूक

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघता निघता मोबाइलवर मेसेज सुरू होतात. गाडी कोणाची? चिकन कोण आणणार? किती वाजता निघायचं? लोणावळ्याच्या ट्रॅफिकला वैतागलेल्या ठाणे-डोंबिवलीकरांनी आता शहापूर-मुरबाडची वाट धरलीय. आसनगाव आलं की माहुलीचे सुळके दिसतात, शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला पोचेपर्यंत डोक्यातलं ऑफिस उतरलेलं असतं. या पट्ट्यात कोणाच्या ना कोणाच्या काकांचं, बॉसचं नाहीतर मित्राच्या मित्राचं फार्महाऊस असतंच. डिकीत बार्बेक्यू, स्पीकर, बॅडमिंटनच्या रॅकेट्स. आणि हल्ली कधी कधी त्यांच्याच शेजारी लांब काळ्या कव्हरमध्ये एक एअर रायफल.

'बंदूक आणलीस?' असं कोणी दचकून विचारलं, की उत्तर ठरलेलं. 'अरे, छर्ऱ्याची आहे यार!'

हे 'छर्ऱ्याची आहे यार' आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जत्रेतून आलंय. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हसाची मोठी जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, पाळणे, आणि अशा कुठल्याही जत्रेत असतो तसा फुग्यांचा फळा. बंदूक तिथलाच माणूस भरून देतो, आपण फक्त एक डोळा मिटून चाप ओढायचा. फुगा फुटला तर टाळ्या, नाही फुटला तर बंदुकीलाच नावं ठेवायची. त्यामुळे एअरगन म्हणजे खेळणं, हे लहानपणीच पक्कं होतं. फार्महाऊसवरची रायफल मात्र त्या जत्रेतल्या बंदुकीची फक्त लांबची नातेवाईक आहे.

गेल्या मार्चमध्ये आम्ही सहा जण मैत्रिणीच्या मामांकडे गेलो होतो, मुरबाडच्या पुढे. मामा कॉलेजात असताना एनसीसीत होते, आता आंबे आणि भाजी बघतात. त्यांच्याकडची रायफल मल्टी-पंप जातीची, वर दुर्बीण लावलेली. आपल्याकडे दुकानात जास्त दिसते ती स्प्रिंगवाली. नळी एकदा खाली मोडली, स्प्रिंग दबली, झालं. मल्टी-पंपचा फंडा वेगळा. नळीखालचा दस्ता हाच पंपाचा दांडा. तो पूर्ण उघडायचा, पूर्ण मिटायचा. प्रत्येक वेळी थोडी हवा आतल्या टाकीत दाबून भरली जाते. दोन-तीन पंप मारले तर छर्रा मवाळ सुटतो, आठ मारले तर जोरात.

'आपला हापसा कसा, तसंच,' मामा म्हणाले. 'फरक एवढाच की हापशाचं पाणी लगेच बाहेर येतं. इथे सगळं आत साठून राहतं.'

पंप मारायला सगळेच धावले, पण मामांनी आधी रिकामी रायफल हातात देऊन पंपाचा अख्खा क्लास घेतला. सायकलच्या पंपाची आपल्याला सवय, त्यामुळे पहिला मोह होतो तो कुंदा जमिनीवर टेकवून वर वाकायचा. तसं केलं की नळीचं तोंड बरोबर आपल्या हनुवटीखाली येतं. दुसरा मोह दुर्बिणीचा. दुर्बीण नसती तर जिथे हात धरला असता, तिथेच नेमकी ती बसलेली असते. मग लोक सरळ दुर्बिणीलाच पकडून जोर लावतात. त्यानं तिचे क्लॅम्प सैल होतात, नेम हलतो आणि घसरलेल्या हाताची बोटं दांडा आणि नळीच्या मध्ये चेमटतात. मामांची पद्धत अशी: एक हात दुर्बिणीच्या मागे, कुंद्याच्या निमुळत्या भागावर. कुंदा मांडीला टेकलेला. सेफ्टी लावलेली. बोट चापापासून लांब. नळीचं तोंड कायम समोरच्या बांधाकडे. दुसऱ्या हाताचा तळवा दांड्याच्या टोकाकडे, बोटं फटीच्या बाहेर. शेवटच्या पंपांना दांडा जड जातो, तेव्हा घाई करायची नाही आणि अर्ध्यावर हात सोडायचा नाही, नाहीतर तो उसळून येतो.

आणि पंप मोठ्यानं मोजायचे. एक, दोन, तीन. हे आम्हाला बालवाडीसारखं वाटलं, पण त्याला कारण आहे. रायफलच्या पुस्तिकेत कमाल आकडा दिलेला असतो, बहुतेक वेळा आठ किंवा दहा. त्याच्या पुढे मारत राहिलं की ताकद वाढत नाही, सील खराब होतात. वर हवा एवढी दाबली जाते की चाप ओढल्यावरही थोडी आत उरू शकते. म्हणजे आपण समजतो रिकामी, आणि ती असते भरलेली. छर्रा सगळ्यात शेवटी, नेम धरायच्या वेळीच.

सगळ्यात महत्त्वाचं मामांनी शेवटी सांगितलं. 'भरलेली हवा परत काढता येत नाही. एकदा पंप मारलात की ती रायफल कुठेतरी सोडावीच लागणार. म्हणून कुठे सोडायची ते आधी ठरवा, मग पहिला पंप मारा.'

टार्गेट म्हणून आमच्यातल्या एकानं बिअरच्या रिकाम्या बाटल्या मांडल्या होत्या. मामांनी त्या उचलून आत नेल्या. काच उडते. पत्रा, दगड, एवढंच काय पाण्यावरूनही छर्रा उलटा येऊ शकतो. त्यांनी भाताच्या खाचराच्या उंच बांधाला वाळूची दोन पोती लावली, त्यावर कागद टोचला. बिअर दुपारनंतर, रायफल कपाटात गेल्यावर. इथे दोन चेहरे पडले, पण घर मामांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठची गोष्ट. ग्रुपमधला आमचा आयटीवाला मित्र हातात चांगलाच सेट झाला होता. सहा पंप, छर्रा आत, नेम कागदावर. तेवढ्यात बांधाच्या डावीकडच्या झाडावर होला येऊन बसला आणि याची नळी अलगद तिकडे वळली. मी त्याच्या बाजूला उभी होते, दुर्बिणीशिवाय. मला झाड दिसत होतं, झाडामागची पायवाट दिसत होती आणि पायवाटेवरून मोहाची फुलं वेचून वाडीकडे परत निघालेल्या दोन मुली दिसत होत्या. एकीच्या डोक्यावर टोपली, दुसरी तिच्या मागे उड्या मारत.

'थांब!' मी ओरडले. मामा मागेच होते. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. 'बोट बाहेर. सेफ्टी. नळी बांधाकडे.' तिन्ही गोष्टी त्याच क्रमानं झाल्या, कारण कालपासून तेच पाठ करून घेतलं होतं. मग आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. त्या मुली आमच्याकडे बघत, हसत पायवाटेनं गेल्या. वळणाआड जाईपर्यंत दोन मिनिटं लागली असतील. त्या दोन मिनिटांत ती सहा पंपांची हवा तशीच आत होती. ती काढायचा एकच मार्ग होता. पायवाट रिकामी झाल्यावर मित्रानं तो छर्रा वाळूच्या पोत्यात सोडला आणि रायफल मामांच्या हातात दिली.

'मला त्या दिसल्याच नाहीत,' तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. नऊपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून चाळीस मीटरवर जेमतेम दीड-दोन मीटरची गोल चकती दिसते. त्यात होला एकदम क्लिअर असतो, पीसन् पीस. बाकीचं जग त्या चकतीच्या बाहेर, आणि छर्रा मात्र चकतीपाशी थांबत नाही.

आता 'छर्ऱ्याची आहे यार'चा हिशेब बघा. ऑलिम्पिकमधली १० मीटर एअर रायफल या प्रकारात सगळ्यात मवाळ समजली जाते. तिचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगानं सुटतो, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटर. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही. त्यापुढे गेलात तर लागतं. २० ज्यूल म्हणजे त्या ऑलिम्पिकवाल्या रायफलीच्या दुपटीहून जास्त. लायसन्स नाही याचा अर्थ इजा होत नाही, असा कुठेच लिहिलेला नाही. डोळ्याला तर यातल्या कितीतरी कमी जोराचा छर्राही पुरतो.

आणि बंदुकीला लायसन्स लागत नाही म्हणून पक्षी मारायचं लायसन्स मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. होला, बुलबुल, ससा, मोर, कशाचीही शिकार गुन्हाच, मग ती एअरगननं केली तरी. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणंही बेकायदा. शंभरहून जास्त वर्षं नाहीसा झाला असं मानलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये याच तानसाच्या जंगलात दिसला. दुर्बिणीतल्या चकतीत बसलेला पक्षी कोणता, हे वीकेण्डच्या पाहुण्याला कुठून कळणार? अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये एअरगन सरकारजमा करायची मोहीम सुरू झाली, ती जंगलातले पक्षी-प्राणी वाचवण्यासाठीच.

मग एअर रायफल वाईट का? अजिबात नाही. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं देशाला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण दिलं ते याच खेळात. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. त्यांच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि नेम दुर्बिणीशिवाय धरायचा असतो. ज्यांना खरोखर शिकायचंय त्यांच्यासाठी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. तिथे गेलात तर कोच पहिली गोष्ट तीच सांगेल जी मामांनी सांगितली: नळी कुठे आहे ते बघ.

आमचा मित्र पुन्हा मामांकडे जाऊन आला. या वेळी पायवाटेच्या बाजूला, दोन्ही टोकांना, एकेकाला उभं करूनच त्यानं पहिला पंप मारला. वाडीतल्या पोरांना त्याची गंमत वाटली म्हणे. 'साहेब, आज ट्रॅफिक पोलीस आणलेत का?' असं त्यांनी विचारलं.

फार्महाऊसवर रायफल निघालीच तर...

• मागे मातीचा उंच बांध किंवा वाळूची पोती हवीत. झाड, पत्रा, कुंपणाची भिंत चालत नाही.
• वाट, विहीर, गोठा, शेजारची वाडी कुठे आहे ते घरमालकाला आधी विचारा.
• एका वेळी एकाच्याच हातात रायफल. बाकीचे त्याच्या मागे, बाजूला नाही.
• सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. बघणाऱ्यांच्याही.
• निरीक्षण करायचं तर वेगळी दुर्बीण घ्या. रायफलवरच्या दुर्बिणीतून माणसं, गुरं, पक्षी 'फक्त बघायचे' नाहीत.
• छर्रे शिशाचे असतात. साबणानं हात धुवूनच चिकनला हात लावा.
• झाल्यावर नळी रिकामी आहे याची खात्री करा. रायफल एका कपाटात, छर्रे दुसरीकडे, दोन्हीला कुलूप.