क्रिया कोणाच्या नावे?

मराठी माणसाला इंग्रजीतील 'प्रेझेंट पार्टिसिपल' प्रथमदर्शनी सोपे वाटते. 'ओपन'ला 'इंग' जोडले की 'ओपनिंग', आपल्या 'उघडताना'सारखेच. खरी अडचण पुढे येते. 'दुकान उघडताना पाऊस आला' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. दुकान कोणी उघडले, हे ऐकणारा प्रसंगावरून जाणतो. तेच शब्दशः 'ओपनिंग द शॉप, द रेन केम' असे लिहिले, तर दुकान पावसाने उघडले असा अर्थ होतो! कारण वाक्यारंभीचे हे रूप इंग्रजीत पुढील कर्त्याला चिकटते.

व्यापारी पत्रात ही चूक केवळ हास्यास्पद राहत नाही. 'ओपनिंग द बेल, द क्लॉथ वॉज फाउंड टॉर्न'. कापड फाटलेले आढळले, पण गठ्ठा उघडला कोणी? उघडणाऱ्याच्याच हातून फाटले असेल तर? नुकसानभरपाईचा दावा नेमका येथेच अडू शकतो. 'ओपनिंग द बेल, वुई फाउंड द क्लॉथ टॉर्न' असे लिहिले की उघडणारा कोण, हे स्पष्ट होते.

वहीत रक्कम मांडण्यापूर्वी ती कोणाच्या नावे, हे व्यापारी पाहतोच. 'इंग' लिहितानाही तीच सवय उपयोगी पडते.