दिवसाला एक बोकड

मराठवाड्यात चांगली घरगुती मटण खानावळ ओळखायची एक खूण सांगतो. दुपारी तीन वाजता गेलात आणि आतून "संपलं बघा" असं ऐकू आलं, तर समजायचं की जागा बरोबर आहे. तीन वाजतासुद्धा पाटीवरचं सगळं मिळत असेल, तर तिथला फ्रीज मोठा आहे, एवढंच.

नांदेड-लातूर रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडं अशी एक खानावळ आहे. नाव सांगत नाही, कारण तिथं रोज एकच बोकड असतो आणि तो नेहमीच्या गिऱ्हाइकांनाच पुरत नाही. पुढं पत्र्याचं शेड, सहा टेबलं, मागं घर. काका बोकड आणतात आणि गल्ल्यावर बसतात. मावशी चुलीपुढं असतात. मी नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंगला होतो, तेव्हापासून त्यांना काका आणि मावशीच म्हणतो. सुट्टीत मित्राच्या मोटरसायकलवर लातूरला घरी जाताना पोरांच्या खिशात दोन थाळ्यांचे पैसे असायचे आणि जेवणारे तिघं असायचे. मावशी हिशोब न करता तिसरं ताट आणून ठेवायच्या. वर विचारायच्या, "मेसमधी जेवलालास का नाही रे? गळ्याचं हाड दिसलालंय."

तिथला बोकड उस्मानाबादी असतो. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. धाराशिव, लातूर, परभणी, नांदेड या पट्ट्यात कुठल्याही वस्तीवर जा, दारात बांधलेली काळी, लांब कानांची शेळी बहुतेक हीच असते. कमी पाण्यात आणि बाभळीच्या पाल्यावर तगते. जुळी करडं देणं तिच्यात नेहमीचं. तिला गरिबाची गाय म्हणतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मोठी जनावरं सांभाळणं भल्याभल्यांना जड गेलं. शेळी मात्र पोटापुरतं कुठंतरी शोधून आणायची. घरात दवाखाना निघाला, पोराची क्लासची फी आली, की दावणीचा एक बोकड बाजारात जातो. लातूरच्या क्लासेसमध्ये शिकून डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या कितीतरी पोरांच्या फीमध्ये एखादा बोकड असेलच.

काका अठ्ठावीस किलोच्या आसपासचा बोकड बघतात. जिवंत वजनाच्या साधारण निम्मं मटण निघतं, म्हणजे तेरा-चौदा किलो. माणशी पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम धरलं, की सत्तर थाळ्या. या आकड्याच्या पलीकडं खानावळ जात नाही. मी एकदा विचारलं होतं, "काका, रविवारी दोन बोकडं का नाही?" ते म्हणाले, "दुसरा कापला अन् पाऊस आला, तर उरलेलं सोमवारी कोण खाईल? सोमवारी तर आपण बंद." सोमवार, गुरुवार, शनिवार बंद. एकादशीला बंद, नवरात्रात बंद आणि अख्खा श्रावण बंद.

एकच बोकड असल्यामुळं त्यातलं काही वाया जात नाही. सकाळी आठला वजडी आणि रक्ती, शेतावर जाणाऱ्यांसाठी. कलेजी ठरलेल्या दोन-तीन जणांची. मुंडी आणि पाय आदल्या दिवशी सांगून ठेवणाऱ्याला. रान, सीना, चाप, गर्दन सगळं एकत्र हळद, मीठ, आलं-लसूण लावून पातेल्यात जातं आणि स्वतःच्याच चरबीत आधी परततं. मग गरम पाणी. तासाभरानं वरचा पिवळा रस्सा काढून घेतात, ते आळणी. घरात कुणी आजारी असेल किंवा बाळंतीण असेल, तर लोक डबा घेऊन तेवढ्यासाठी येतात. उरलेल्या मटणात भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, तीळ, खसखस, काळा मसाला आणि शेवटी येसर. येसर म्हणजे धान्यं आणि डाळी मसाल्याबरोबर भाजून केलेलं पीठ. त्यानं रस्सा दाट होतो आणि एक खमंग, किंचित धुरकट वास येतो. नांदेड शहरात तहारी मिळते, दालचा मिळतो. १९४८ पर्यंत हा सगळा भाग हैदराबादच्या निजामाकडं होता, त्याची चव अजून आहे. मावशींकडं मात्र भाकर, रस्सा, कांदा आणि शेवटी मूठभर भात. ताटात भाकर चुरायची, वर रस्सा ओतायचा, पाचही बोटं वापरायची.

हे सगळं मला पाठ होतं. पण त्याकडं नीट बघितलं ते एका कोरियन माणसामुळं.

मी पुण्यात नोकरी करतो. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, त्यामुळं पुण्यात कोरियन लोक आता नवीन राहिले नाहीत आणि त्यांच्या जेवणाची हॉटेलंही बरीच झालीत. आमच्या प्रोजेक्टवर एक कोरियन सहकारी दोन वर्षांसाठी आला होता. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. पहिल्याच दिवशी त्यानं माझं वय विचारून घेतलं, कारण त्यांच्याकडं कुणाशी कसं बोलायचं हे वयावर ठरतं. मी म्हणालो, आमच्याकडंही. डिसेंबर २०२४ मध्ये तो माझ्या बहिणीच्या लग्नाला लातूरला आला. दुसऱ्या दिवशी त्याला नांदेडचा गुरुद्वारा बघायचा होता. वाटेत जेवायला मी गाडी मावशींच्या शेडपुढं थांबवली.

शेडच्या कडेला उद्याचा बोकड बांधलेला होता. काळाभोर. तो तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "हग्यॉम्सो!" म्हणजे काळी शेळी. त्यांच्या देशी शेळीचा रंगही काळाच. त्याचं आजोळ दक्षिण जोल्ला प्रांतात. तिथं त्याची सख्खी मावशी शेळीच्याच पदार्थांचं छोटं हॉटेल चालवते. मावशी स्वयंपाकघरात, तिचा नवरा शेळ्यांच्या व्यवहाराला, सुट्टीत भाचेमंडळी ताटं उचलायला.

आळणीची वाटी पुढं आली आणि त्यानं दोन्ही हातांनी उचलून ती संपवली. मग तो सांगत बसला. त्यांच्याकडं यॉम्सोथांग म्हणजे शेळीचं सूप असतं. उकडलेल्या मटणाचे पातळ काप हिरव्या पातीवर मांडून देतात. टेबलावरच्या शेगडीवर मोठं भांडं उकळत ठेवतात, सगळ्यांनी त्यातून खायचं आणि तळाला राहिलेल्या रश्श्यात शेवटी भात परतायचा. सुपात पेरिलाच्या बियांची पूड घालतात. पेरिला हे तुळशीच्या कुळातलं झाड. त्या पुडीनं सूप दाट होतं आणि शेळीचा वास बसतो. मी मावशींना हे मराठीत सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मंजे त्यांची येसरच की." आत जाऊन कारळ्याची चटणी घेऊन आल्या. त्यानं ती हुंगली आणि म्हणाला, जवळजवळ हाच वास.

कोरियात उन्हाळ्याचे तीन दिवस खास मानले जातात, बोकनाल. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येतात. अंगातली गेलेली ताकद भरून यावी म्हणून त्या दिवसांत उकळतं सूप पितात, उष्णतेला उष्णतेनं मारायचं म्हणून. बहुतेकांचं कोंबडीचं असतं, काहींचं शेळीचं. बाळंतिणीला आणि अशक्त बाईला तिथंही शेळीचा अर्क देतात. मी कॅलेंडर काढून बघितलं. आपला आषाढ संपून श्रावण लागतो, साधारण तेच दिवस. आखाडात आपल्याकडं देवीला बोकड जातो, पंगती उठतात आणि मग महिनाभर सगळं बंद. म्हणजे मावशींच्या चुलीला वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी लागते, तेव्हा जोल्लातल्या त्या मावशीला श्वास घ्यायला फुरसत नसते.

आणि तिचं काम आता आणखी वाढलंय, असं तो म्हणाला. दक्षिण कोरियाच्या संसदेनं जानेवारी २०२४ मध्ये कुत्र्याच्या मांसाचा धंदा बंद करणारा कायदा केला. त्याची अंमलबजावणी २०२७ पासून. त्यामुळं जुने खाणारे शेळीकडं वळले, मागणी वाढली आणि ऑस्ट्रेलियातून शेळीचं मांस मोठ्या प्रमाणात यायला लागलं. मोठी हॉटेलं ते वापरतात. घरची शेळी शिजवणाऱ्या त्याच्या मावशीला त्यांच्या भावाशी झुंजावं लागतं. ती कशी टिकते, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ती पगार घेत नाही, म्हणून."

मग त्यानं एक शब्द शिकवला. इमो. म्हणजे आईची बहीण, मावशी. कोरियात छोट्या हॉटेलात वाढणाऱ्या, रांधणाऱ्या बाईला गिऱ्हाईक इमो म्हणूनच हाक मारतं. ओळख नसली तरी. "इमो, अजून थोडी किमची," असं म्हटलं की इमो आणून ठेवते, त्याचे पैसे लागत नाहीत. तेवढ्यात आमच्या मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "मावशी, रस्सा!" त्याला मराठी येत नव्हती, पण मी अर्थ सांगायच्या आधीच तो हसायला लागला होता.

नातं लावलं की जास्तीचा रस्सा मागता येतो. ते मला आवडतं, त्याच्यावरच मी चार वर्षं जेवलो. पण मावशीला पगार विचारत नाहीत, हेही त्याच नात्यातून येतं. पुण्याला परतलो तरी ते डोक्यातून जाईना.

काकांनी मला मागं एकदा सांगितलं होतं की मोबाईलमध्ये हिशोबाचं काहीतरी करून दे, वही भिजते. महिनाभरानं गेलो तेव्हा मी ते काम काढलं. आमच्या धंद्यात कुठल्याही सिस्टीमचा आधी जमा-खर्च मांडतात, तसा मांडला. एका दिवसाचा असा: थाळी २२० रुपये, सत्तर थाळ्या, १५,४०० रुपये. वजडी, मुंडी, पाय मिळून हजार. एकूण १६,४००. खर्च: बोकड १२,०००. ज्वारी, तांदूळ, तेल, मसाला, सरपण २,०००. भाकरी थापायला येणाऱ्या दोन बायकांचे ६०० आणि ताटं उचलणाऱ्या पोराचे ४००. एकूण १५,०००. उरले १,४००. महिन्यात सतरा दिवस खानावळ चालू धरली, तर २३,८००.

मग मी काकांना विचारलं, "हायवेवरच्या ढाब्याला स्वयंपाकी ठेवायचा तर किती घेतो?"

"वीस तर घेतोच. वर जेवण, राहणं."

मी रकाना वाढवला आणि लिहिलं: स्वयंपाक, २०,०००. खाली उरले ३,८००. काका बराच वेळ स्क्रीनकडं बघत होते. त्यांच्या मजुरीचा रकाना तर अजून टाकलाच नव्हता. मावशी पदराला हात पुसत आल्या, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "मंजे एवढ्या वर्सात बोकडापेक्षा मीच स्वस्तात गेले की."

आम्ही हसलो. पण त्या रात्री दोघं बोलले असावेत. पुढच्या वेळी गेलो तर पाटीवर थाळी २५० झाली होती. वाढलेल्या तीस रुपयांचे सत्तर थाळ्यांमागं २,१०० होतात. त्यातले हजार रुपये रोज मावशींच्या डब्यात पडतात, उरलेले घरात. पहिल्या पैशातून त्यांनी बाजारातून दोन उस्मानाबादी पाठी आणल्या, स्वतःच्या नावानं. पाठी म्हणजे न व्यालेल्या तरण्या शेळ्या. बाजारात कुणी नाव विचारत नाही, पण घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की या माझ्या.

गिऱ्हाइकं कुरकुर करतात. मी जेवत असतानाच एकजण गल्ल्यावर म्हणाला, "काका, घरगुती असून अडीचशे?"

काकांनी सुटे मोजत उत्तर दिलं, "पयले घरची बाई फुकट होती. आता पगारी हाय."

तीसेक गिऱ्हाइकं तुटली, असं काका सांगतात. काही परत आली, काही नाही. कधीकधी आता तीन वाजतासुद्धा पाच-सात थाळ्या उरतात. त्या दिवशी घरात आणि भाकरी करणाऱ्या बायकांच्या डब्यात मटण असतं. हे गणित वर्षभर टिकेल का, ते मी सांगू शकत नाही. बोकडाचा भाव आखाडात चढेल, तेव्हा परत मांडावं लागेल.

त्यांचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. माझ्याच वयाचा, माझ्याच धंद्यातला. तो म्हणतो, बंद करा हे, आईचे गुडघे गेलेत, दोघं इकडं या. त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. चुलीपुढं बसलेल्या मावशींना उठताना भिंतीचा आधार लागतो, ते मी बघितलंय. काकांचं मनही अर्धं तिकडं झुकलंय. गेल्या खेपेला मी मावशींना विचारलं, काय ठरलं?

त्या येसर चाळत होत्या. चाळण न थांबवता म्हणाल्या, "आत्ता कुठं पगार सुरू झालाय, अन् आताच नोकरी सोडू व्हय?"