अर्धवट राहिलेले गणित

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे पत्र आले त्या दिवसांत मी एका प्रश्नापाशी अडून बसलो होतो. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून, अर्धवट सुटलेले एम. ए. पुन्हा हाती घ्यावे की नाही? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल, म्हणून त्याविषयीच लिहितो.

मूर्तिजापूर तालुक्यातील एका खेड्यात माझे वडील सालदार होते. आपल्या वसतिगृहाने मला दहावीपर्यंत वाढविले. पुढे अमरावती विद्यापीठातून अर्थशास्त्रात बी. ए. झालो आणि एम. ए.चे पहिले वर्ष पूर्ण केले. त्याच उन्हाळ्यात वडील गेले. दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. अकोल्यात कारकुनाची नोकरी मिळाली. वर्षभराने परत येऊ, असे म्हणून पुस्तके पेटीत ठेवली. त्या एका वर्षाची अठरा वर्षे झाली.

पुन्हा अमरावतीला जावे, असे प्रथम वाटले. परंतु अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा आणि मग अमरावती, असा हा प्रवास रोज करून नोकरी होत नाही. आणि बिनपगारी रजेवर घर चालत नाही. दुसरा मार्ग १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा. नोकरी करणाऱ्यांना घरी राहून शिकता यावे, हाच त्याचा हेतू. अमरावतीस त्याचे विभागीय केंद्रही आहे. मार्ग होता, तरी मन कचरत होते. मुलगी यंदा दहावीला. तिच्यासमोर बाप नापास झाला तर?

अशा वेळी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडले. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन १९२० साली ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. त्यांनी मिळविली. त्यांच्याशी माझी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. परंतु खंड पडला म्हणून शिक्षण संपत नाही, एवढे त्यातून मला घेता आले.

त्याच पानांतून दुसरी गोष्टही समोर आली. बाबासाहेब लंडनला होते तेव्हा मुंबईत संसाराचा भार रमाईंनी वाहिला. मी संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलो तर माझ्या घरातील भार कोण वाहणार, हे मी स्वतःला विचारलेच नव्हते. उत्तर गृहीतच धरले होते.

त्या रात्री पत्नीजवळ विषय काढला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमी शिका, माही ना नाही. पन अर्ज दोन भरा. माही बी बारावी होऊन वीस वर्सं झाली."

मी निरुत्तर झालो. अठरा वर्षे मी माझ्या राहिलेल्या पदवीचे दुःख बोलून दाखवीत होतो. तिचेही काही राहिले आहे, हे एकदाही माझ्या लक्षात आले नव्हते.

दोन अर्ज भरले. घराच्या स्लॅबसाठी ठेवलेल्या पैशांतून दोघांचे शुल्क दिले. स्लॅब लांबणीवर पडला. आता पहाटेचे पाणी आणि संध्याकाळचा स्वयंपाक आम्ही वाटून घेतो. माझ्या हातची पोळी अजून गोल होत नाही. आठ ते दहा या वेळेत एकाच दिव्याखाली आम्ही तिघे बसतो. उत्तीर्ण होऊच, अशी हमी देता येत नाही. कधी दिवसभराच्या थकव्याने पानावरच डोळा लागतो. तेव्हा मुलगीच हलवून उठवते.

वसतिगृहात रात्रीच्या अभ्यासाची घंटा झाली की आपले गणिताचे सर सांगत, "राहिलेले गणित पुसू नका. उद्या तेथूनच पुढे सोडवा." ज्यांची वही अशीच मिटलेली आहे, त्या माझ्या वर्गबंधू-भगिनींनी ती एकदा उघडून पाहावी. मात्र उघडण्यापूर्वी घरात आणखी कोणाची वही मिटलेली आहे काय, तेही विचारावे.

जय भीम.